भविष्येतिहास, विज्ञानकथांतील

मानवजातीच्या पुढील काही शतकांचा, सहस्रकांचा किंवा त्याहूनही दीर्घ कालखंडाचा, घडून गेलेल्या इतिहासासारखा सुसंगत रीतीने रचलेला कल्पित वृत्तांत म्हणजे भविष्येतिहास होय. एखाद्या कादंबरीचे कथानक भविष्यकाळात घडते, एवढ्यावरून तिला भविष्येतिहास म्हणता येत नाही. युगांचा क्रम, राज्यसंस्थांचे उदयास्त आणि ह्या घडामोडींमागील कारणपरंपरा ह्यांचे चित्रण हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण मानले जाते. पुष्कळदा एकाच लेखकाच्या स्वतंत्र कथा-कादंबऱ्या एका समान कालपटावर बसविलेल्या असतात आणि त्या एकत्र वाचल्या असताच हा इतिहास पूर्णपणे उलगडतो. विसाव्या शतकात ह्या लेखनप्रकाराचा विशेष विकास झाला. संस्कृतींचा उदय व ऱ्हास हा त्याचा प्रमुख विषय असून त्याच्या मुळाशी एक प्रश्न सातत्याने आढळतो : ऱ्हास हा निसर्गनियमासारखा अटळ आहे, की त्याची कारणे कळल्यास माणूस तो टाळू शकतो किंवा निदान सौम्य करू शकतो? निरनिराळ्या लेखकांनी ह्या प्रश्नाची दिलेली उत्तरे परस्परांहून अतिशय भिन्न आहेत.

वैचारिक पार्श्वभूमी : उदय, उत्कर्ष व अस्त ह्यांचे चक्र ही कल्पना फार प्राचीन आहे. भारतीय परंपरेतील चार युगांच्या कल्पनेत कृतयुगापासून कलियुगापर्यंत धर्माचा क्रमाक्रमाने ऱ्हास होतो व चक्र पुन्हा सुरू होते. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस ह्याने राज्यपद्धतींचे एक चक्र कल्पिले होते, तर अरब विचारवंत इब्न खल्दून (१३३२–१४०६) ह्याने राजवंशांची अंतर्गत एकजूट काही पिढ्यांतच सैल होते व नव्या, कणखर टोळ्या त्यांची जागा घेतात, असे प्रतिपादन केले. भविष्येतिहासकारांवर मात्र सर्वाधिक प्रभाव पडला तो एडवर्ड गिबन (१७३७–९४) ह्या इंग्रज इतिहासकाराचा. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा व विनाशाचा त्याने लिहिलेला इतिहास १७७६ ते १७८८ ह्या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धानंतर ओस्वाल्ट श्पेंग्लर (१८८०–१९३६) ह्या जर्मन विचारवंताने संस्कृतींना सजीवांप्रमाणे बाल्य, तारुण्य व वार्धक्य असते आणि पश्चिमी संस्कृती वार्धक्यात शिरली आहे, असे मत मांडले (१९१८ व १९२२). आर्नल्ड टॉयन्बी (१८८९–१९७५) ह्याने अ स्टडी ऑफ हिस्टरी ह्या बारा खंडांच्या ग्रंथात (१९३४–६१) हा जैविक नियम नाकारला. आव्हानाला समाज कसा प्रतिसाद देतो, ह्यावर त्याचे भवितव्य अवलंबून असते, अशी त्याची भूमिका होती. अटळपणा की प्रतिसादाचे स्वातंत्र्य, हा इतिहासकारांमधील वाद पुढे विज्ञानकथेत उतरला.

आरंभीचे लेखन : मेरी शेली (१७९७–१८५१) हिच्या द लास्ट मॅन (१८२६) ह्या कादंबरीत एकविसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगाने मानवजात नष्ट होते. तेथे विनाश बाहेरून येतो. एच. जी. वेल्स (१८६६–१९४६) ह्याने द टाइम मशीन (१८९५) ह्या कादंबरीत ऱ्हासाचे कारण समाजाच्या रचनेतच शोधले. इसवी सन ८,०२,७०१ मध्ये पोहोचलेल्या कालप्रवाशाला मानवाच्या दोन शाखा आढळतात. भूपृष्ठावर राहणारे सुकुमार व बुद्धिहीन एलॉय हे सुखवस्तू वर्गाचे वंशज, तर भूगर्भात यंत्रे चालविणारे मॉरलॉक हे श्रमिकांचे. पहिल्या शाखेला सर्व सुरक्षितता लाभल्यामुळे तिची बुद्धी लोप पावली आणि दुसरी शाखा तिचेच भक्षण करू लागली. संस्कृती अपयशामुळेच नव्हे, तर यशामुळेही लयाला जाऊ शकते, हा विचार येथे प्रथमच इतक्या ठसठशीतपणे आला. पुढे द शेप ऑफ थिंग्ज टू कम (१९३३) ह्या पुस्तकात वेल्सने भावी काळातील इतिहासाचे पाठ्यपुस्तकच रचले. महायुद्ध, रोगराई व राज्यसंस्थांचे विघटन ह्यांनंतर वैमानिक व तंत्रज्ञ जागतिक राज्य स्थापन करतात, असे त्यात दाखविले आहे.

ह्या प्रकाराला तात्त्विक खोली दिली ती इंग्रज लेखक ओलाफ स्टेपलडन (१८८६–१९५०) ह्याने. तत्त्वज्ञान हा त्याच्या अध्ययनाचा विषय होता. लास्ट अँड फर्स्ट मेन (१९३०) ह्या ग्रंथात सुमारे दोन अब्ज वर्षांचा आणि एकामागून एक येणाऱ्या अठरा मानवजातींचा इतिहास आहे. त्यात रूढ अर्थाने नायक नाही. मानवजात हीच नायक आहे. आजच्या मानवजातीचे, म्हणजे ‘पहिल्या मानवां’चे, अमेरिकाप्रधान जागतिक राज्य इंधनाचे साठे संपताच कोसळते. पुढील मानवजातींपैकी काही उत्क्रांतीने निर्माण होतात, तर काहींना त्यांच्या पूर्वसूरींनीच हेतुपुरस्सर घडविलेले असते. चंद्र पृथ्वीवर कोसळणार हे कळल्यावर पाचवे मानव शुक्रावर स्थलांतर करतात आणि अखेरचे, अठरावे मानव नेपच्यूनवर राहून सौर आपत्तीमुळे येणाऱ्या अंताला सामोरे जातात. आपले लेखन हे भाकीत नसून पुराणकथा रचण्याचा प्रयत्न आहे, असे स्टेपलडनने प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. येथे प्रत्येक संस्कृतीचा अंत होतो. परंतु अंत होतो म्हणून ती व्यर्थ ठरत नाही, हा त्याचा निष्कर्ष होय. स्टार मेकर (१९३७) ह्या ग्रंथात त्याने हीच दृष्टी संपूर्ण विश्वाला लावली.

संज्ञा व कालपट : ‘भविष्येतिहास’ ह्या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९४१ मध्ये अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन ह्या अमेरिकन मासिकाचा संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्बेल (१९१०–७१) ह्याने रॉबर्ट ए. हाइनलाइन (१९०७–८८) ह्याच्या कथांच्या संदर्भात वापरली व ती रूढ झाली. कथांची पार्श्वभूमी परस्परविरोधी होऊ नये म्हणून हाइनलाइनने एक तक्ता तयार केला होता. त्यात कथा, पात्रांची आयुर्मर्यादा, तांत्रिक शोध व राजकीय घटना समांतर रकान्यांत नोंदविलेल्या होत्या. कॅम्बेलने तो मे १९४१ च्या अंकात छापला. सामाजिक उन्मादाचा काळ, त्यातून अमेरिकेत येणारी धार्मिक हुकूमशाही, तिच्याविरुद्धची क्रांती आणि अखेर मानवी समाजाची प्रौढावस्था असा त्याचा क्रम आहे. ऱ्हास हा येथे शेवट नसून वयात येण्याच्या वाटेवरील एक टप्पा आहे. ह्या मालिकेतील बहुतेक कथा द पास्ट थ्रू टुमॉरो (१९६७) ह्या संग्रहात एकत्रित केल्या आहेत.

ॲसिमॉव्ह व मानसेतिहास : ह्या प्रकारातील सर्वांत प्रभावी कृती म्हणजे आयझॅक ॲसिमॉव्ह (१९२०–९२) ह्याची फाउंडेशन मालिका. तिच्यातील पहिली कथा मे १९४२ मध्ये कॅम्बेलच्याच मासिकात प्रसिद्ध झाली आणि पुढे फाउंडेशन (१९५१), फाउंडेशन अँड एम्पायर (१९५२) व सेकंड फाउंडेशन (१९५३) ही पुस्तके निघाली. गिबनने वर्णिलेले रोमचे पतन आकाशगंगेच्या पटावर मांडावे, ही तिची मूळ कल्पना. बारा हजार वर्षे टिकलेले आकाशगंगाव्यापी साम्राज्य वरवर बलाढ्य दिसत असले, तरी आतून पोकळ झाले आहे. विद्वान नवे संशोधन करण्याऐवजी जुन्या ग्रंथांतील मतांची तुलना करण्यात धन्यता मानतात. अणुऊर्जाकेंद्रे चालविणाऱ्यांना ती बिघडल्यास दुरुस्त करता येत नाहीत. दूरचे प्रांत एकेक करून फुटू लागले आहेत. ऱ्हासाची ही लक्षणे ॲसिमॉव्हने युद्धवर्णनांपेक्षा अधिक बारकाईने रेखाटली आहेत.

हारी सेल्डन हा गणिती ‘मानसेतिहास’ नावाचे शास्त्र निर्माण करतो. त्याची कल्पना रसायनशास्त्रज्ञ असलेल्या ॲसिमॉव्हला वायूंच्या गत्यात्मक सिद्धांतावरून सुचली. वायूच्या एकेका रेणूची गती सांगता येत नाही, परंतु असंख्य रेणूंच्या समूहाचे वर्तन अचूक सांगता येते. त्याचप्रमाणे व्यक्तीचे नव्हे, पण अब्जावधी लोकांच्या समूहाचे भवितव्य गणिताने काढता येईल, असे हे गृहीतक आहे. साम्राज्याचे पतन आता टाळता येणार नाही. मात्र त्यानंतरचे तीस हजार वर्षांचे तमोयुग एक हजार वर्षांवर आणता येईल, असे सेल्डनचे गणित सांगते. त्यासाठी तो आकाशगंगेच्या कडेच्या टर्मिनस ह्या ग्रहावर विद्वानांची एक वसाहत वसवितो. मानवी ज्ञानाचा महाकोश तयार करणे, हा तिचा जाहीर हेतू असतो. पन्नास वर्षांनंतर कळते, की कोश हे केवळ निमित्त होते. खरा उद्देश नव्या साम्राज्याचे बीज रोवण्याचा होता. ज्ञानाचे संकलन आवश्यक असले, तरी केवळ संकलनाने संस्कृती तरत नाही, ज्ञान वापरणारा जिवंत समाजही लागतो, हे ॲसिमॉव्हने येथे सूचित केले आहे.

ह्या योजनेची एक अट महत्त्वाची आहे : ज्यांच्याविषयी भाकीत करावयाचे, त्या लोकांना ते ठाऊक असता कामा नये, कारण भाकीत कळताच त्यांचे वर्तन बदलेल. परिणामी कोट्यवधी लोकांचे भवितव्य ‘दुसरे फाउंडेशन’ ह्या अज्ञात तज्ञांच्या गटाच्या हाती जाते. ऱ्हास टाळण्याचे ज्ञान कोणाकडे असावे आणि ते गुप्त ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे काय, हा नैतिक प्रश्न त्यातून उद्भवतो. इतरांच्या भावनांवर ताबा मिळविणारा ‘म्यूल’ हा एकटा मनुष्य सेल्डनची योजना उधळून लावतो, तेव्हा व्यक्तीचे महत्त्व नाकारणाऱ्या शास्त्राची मर्यादाही उघड होते. १९८२ पासून लिहिलेल्या पुढील भागांत खुद्द ॲसिमॉव्हनेच दुसऱ्या साम्राज्याच्या ध्येयाविषयी शंका उपस्थित केली. ह्या मालिकेला १९६६ मध्ये सर्वकालीन सर्वोत्कृष्ट मालिका म्हणून ह्यूगो पुरस्कार देण्यात आला.

इतर साम्राज्यकथा : जेम्स ब्लिश (१९२१–७५) ह्याच्या सिटीज इन फ्लाइट ह्या चार कादंबऱ्यांच्या मालिकेचा (एकत्रित आवृत्ती १९७०) आधार श्पेंग्लर हा आहे. प्रतिगुरुत्वाच्या यंत्रणेने संपूर्ण शहरे पृथ्वी सोडून निघतात व मजुरीच्या शोधात ग्रहोग्रही हिंडतात. जर्मेनियमवर आधारलेले चलन कोसळताच ही भटकी अर्थव्यवस्थाही कोलमडते. अखेरच्या भागात विश्वाचाच अंत होतो. पोल अँडरसन (१९२६–२००१) ह्याच्या कथामालिकेत मुक्त व्यापाऱ्यांचा संघ प्रथम भरभराटतो, मग मक्तेदारी व अंतर्गत कलह ह्यांमुळे मोडतो. त्याच्या जागी आलेले पार्थिव साम्राज्यही ‘दीर्घ रात्री’च्या दिशेने वाटचाल करते. साम्राज्य वाचविता येणार नाही, हे ठाऊक असलेला त्याचा नायक फ्लँड्री काही पिढ्यांना शांततेत जगता यावे, एवढ्याचसाठी झटतो. ह्या सर्व लेखनात एक समान आराखडा आहे, असे संपादक डॉनल्ड ए. वॉलहाइम (१९१४–९०) ह्याने द युनिव्हर्स मेकर्स (१९७१) ह्या पुस्तकात दाखवून दिले. सूर्यमालेतील प्रवासांपासून साम्राज्याचा उदय, उत्कर्ष, पतन, अराजक व चिरस्थायी संस्कृतीची स्थापना येथपर्यंतचे आठ टप्पे त्याने नोंदविले आहेत.

ज्ञानाचे जतन व पुनरावृत्ती : अणुबाँबच्या वापरानंतर ऱ्हासाची कल्पना बदलली, शतकानुशतके चालणाऱ्या क्षयाची जागा एका दिवसात होणाऱ्या विनाशाने घेतली. वॉल्टर एम. मिलर (१९२३–९६) हा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमानदलात होता व १९४४ मध्ये इटलीतील माँते कासीनो येथील प्राचीन मठावरील बाँबहल्ल्यात त्याने भाग घेतला होता. त्याच्या अ कँटिकल फॉर लीबोविट्झ (१९५९) ह्या कादंबरीत अण्वस्त्रयुद्धातून वाचलेले लोक विद्वानांना ठार मारतात व ग्रंथ जाळतात. एका मठातील साधू मात्र उरलेसुरले कागद, त्यांचा अर्थ न समजताही, शतकानुशतके जपतात व त्यांच्या प्रती करतात. कादंबरीचे तीन भाग सुमारे सहाशे वर्षांच्या अंतराने घडतात. दुसऱ्या भागात विज्ञान पुनरुज्जीवित होते आणि तिसऱ्यात पुन्हा अण्वस्त्रयुद्ध होते. जपलेल्या ज्ञानातूनच दुसरा विनाशही जन्माला आला, हा तिचा कटू आशय होय. तरीही ज्ञान जपावे की नाही, असा पर्याय ती वाचकापुढे ठेवत नाही. ज्ञानाबरोबर विवेक जपला गेला नाही, हे तिचे म्हणणे आहे.

चक्राकार विनाशाची आणखी दोन उदाहरणे उल्लेखनीय आहेत. ॲसिमॉव्हच्या ‘नाइटफॉल’ (१९४१) ह्या कथेत सहा सूर्यांच्या प्रकाशात राहणाऱ्या ग्रहावर दर २,०४९ वर्षांनी एकदाच अंधार पडतो आणि भयाने वेडे झालेले लोक प्रकाशासाठी शहरे पेटवितात. लॅरी निव्हन व जेरी पूर्नेल ह्यांच्या द मोट इन गॉड्स आय (१९७४) ह्या कादंबरीतील परग्रहवासीयांना अपत्ये न झाल्यास मृत्यू येतो. त्यामुळे लोकसंख्येचा विस्फोट व विनाश पुन्हापुन्हा ओढवतो. हे अटळ आहे असे गृहीत धरून त्यांनी पुढील पिढ्यांना संस्कृती लवकर उभारता यावी म्हणून संग्रहालये बांधून ठेवलेली आहेत.

स्थैर्य हाच ऱ्हास : काही लेखकांनी पतनापेक्षा साचलेपणाला अधिक घातक मानले. आर्थर सी. क्लार्क (१९१७–२००८) ह्याच्या द सिटी अँड द स्टार्स (१९५६) ह्या कादंबरीतील डायस्पार हे नगर सुमारे अब्ज वर्षे अबाधित आहे. तेथील नागरिक यंत्रस्मृतीत साठविले जातात व पुनःपुन्हा जन्म घेतात. परंतु नगराबाहेर पाऊल टाकण्याचे धैर्य त्यांच्यात उरलेले नाही. कॉर्डवेनर स्मिथ (१९१३–६६) ह्याच्या कथाचक्रात दुःख, रोग व जोखीम नाहीशी केल्यामुळे मानवजात निष्प्राण बनते, तेव्हा शासनकर्तेच अनिश्चितता, जुन्या भाषा व आजार ह्यांना मुद्दाम परत आणतात. फ्रँक हर्बर्ट (१९२०–८६) ह्याने ड्यून (१९६५) व तिच्या उत्तरभागांत भविष्य जाणणारा नायकच भविष्याचा बंदी कसा होतो, हे दाखविले. ही सेल्डनच्या शास्त्राची दुसरी बाजू म्हणता येईल.

सोव्हिएट व अन्य दृष्टिकोन : रशियन पुराजीववैज्ञानिक ईव्हान येफ्रेमॉव्ह (१९०८–७२) ह्याच्या अँड्रोमिडा तेजोमेघावरील कादंबरीत (१९५७) साम्राज्याच्या चक्राला जागा नाही. विभक्ततेचे युग, जागतिक ऐक्याचे युग, सामुदायिक श्रमाचे युग व महावलयाचे युग अशा पायऱ्यांनी इतिहास वर चढत जातो. अर्काडी (१९२५–९१) व बरीस (१९३३–२०१२) ह्या स्ट्रुगाट्स्की बंधूंनी मात्र १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीत ह्या विश्वासाची परीक्षा घेतली. सरंजामी अवस्थेतील परग्रहावर निरीक्षक म्हणून गेलेल्या पृथ्वीवरील इतिहासकाराला तेथे सुशिक्षितांची कत्तल होत असतानाही हस्तक्षेप करण्याची मनाई असते. इतिहासाचे नियम माहीत असणे आणि डोळ्यांदेखत होणारा अन्याय सहन करणे, ह्यांतील ताण असह्य होतो.

अर्शुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) हिने ऑल्वेज कमिंग होम (१९८५) ह्या ग्रंथात औद्योगिक संस्कृतीनंतर कॅलिफोर्नियात नांदणाऱ्या एका लहान समाजाचे चित्रण मानवशास्त्रीय नोंदींच्या रूपात केले. संस्कृतींच्या उत्कर्षाची आवर्तने अभ्यासणारा मानवशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड क्रोबर हा तिचा पिता होय. साम्राज्याचा अभाव म्हणजे तमोयुग, हे समीकरणच तिने नाकारले. ब्रायन ऑल्डिस ह्याच्या हेलिकोनिया त्रयीत (१९८२–८५) शतकानुशतके टिकणाऱ्या ऋतूंमुळे समाज फुलतात व गोठतात. चिनी लेखक ल्यू त्सशिन ह्याच्या तीन सूर्यांविषयीच्या त्रयीत (२००६–१०) अनिश्चित कक्षेमुळे एका ग्रहावरील संस्कृती असंख्य वेळा नष्ट होऊन पुन्हा उभी राहते. तिच्या पहिल्या भागाच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार लाभला.

मराठी विज्ञानसाहित्यात सहस्रकांचा पट असलेले भविष्येतिहास विरळा असले, तरी त्यांतील मूळ प्रश्न जयंत नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांच्या लेखनात आढळतो. वामन परत न आला ह्या त्यांच्या कादंबरीत उत्खननात सापडलेल्या अतिप्रगत, लुप्त संस्कृतीच्या ज्ञानाचा उपयोग करताना तिच्या विनाशाचे कारणही पुन्हा जिवंत होते की काय, असा पेच निर्माण होतो. पानिपतच्या युद्धाचा निकाल उलट लागलेल्या पर्यायी इतिहासाची त्यांची कथाही इतिहासातील निर्णायक क्षणांचाच विचार करते.

मूल्यमापन : भविष्येतिहासांवरील सर्वांत मूलगामी आक्षेप कार्ल पॉपर (१९०२–९४) ह्या तत्त्वज्ञाच्या द पॉव्हर्टी ऑफ हिस्टॉरिसिझम (१९५७) ह्या ग्रंथातून निघतो. इतिहासाची गती ज्ञानाच्या वाढीवर अवलंबून असते. उद्या काय ज्ञात होणार हे आज सांगता येत नाही. म्हणून इतिहासाचे शास्त्रीय भाकीत अशक्य आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. साम्राज्यकथांतील दुसरा दोष म्हणजे रोम ह्या एकाच उदाहरणाचे सार्वत्रिकीकरण. जोसेफ टेंटर ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ मध्ये असे मत मांडले, की समस्या सोडविण्यासाठी समाज आपली गुंतागुंत वाढवत नेतो आणि तिचा लाभ खर्चाच्या मानाने घटत जातो, तेव्हा तो कोसळतो. अशा वेळी साधी जीवनपद्धती स्वीकारणे सामान्य लोकांना हितावहही ठरू शकते. एकविसाव्या शतकात पीटर टर्चिन ह्याने ऐतिहासिक सामग्रीवर गणिती प्रतिमाने लावणारी ज्ञानशाखा पुढे आणली, तेव्हा सेल्डनच्या शास्त्राशी तिची तुलना होणे स्वाभाविक होते. परंतु तिचा हेतू सहस्र वर्षांचे भाकीत करणे हा नसून ऐतिहासिक उपपत्ती तपासून पाहणे हा आहे.

भाकीत म्हणून भविष्येतिहास क्वचितच खरे ठरले. त्यांत लिहिणाऱ्यांच्या काळातील भीती स्पष्ट उमटलेली दिसते : वेल्समध्ये वर्गविग्रहाची, स्टेपलडनमध्ये महायुद्धानंतरच्या नैराश्याची, मिलरमध्ये अण्वस्त्रांची, तर नंतरच्या लेखकांत लोकसंख्या व पर्यावरण ह्यांची. त्यांचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. आपला काळ हा इतिहासाचा शेवट नसून त्यातील एक प्रकरण आहे, अशी दूरदृष्टी ते वाचकाला देतात आणि ज्या गोष्टी चिरंतन वाटतात त्यांच्या देखभालीची जबाबदारी कोणावर आहे, हा प्रश्न वर्तमानाला विचारतात. बिघडलेले ऊर्जाकेंद्र दुरुस्त करू न शकणारे तंत्रज्ञ व अर्थ न कळताही कागद जपणारे साधू ह्या दोन प्रतिमा ह्या साहित्याच्या दोन टोकांवर उभ्या आहेत. ऱ्हास अटळ असो वा नसो, त्याच्या काळात जगणाऱ्यांनी काय जपावयाचे, ही निवड मात्र त्यांचीच असते, हे ह्या प्रकारातील उत्तम कृतींचे समान सूत्र होय.